खताच्या खोलीतला फोटो

अंगणातल्या चुलीवर अंघोळीच्या पाण्याचं पातेलं होतं. सरांनी त्याच्या काळ्या बुडावर बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या गालावर ओढलं. मग दुसऱ्या गालावर. मागं सरकून, मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं. भिंतीला रंग नीट बसला का ते बघावं तसं.

माझा नवरा दोन हातांच्या अंतरावर उभा होता. हसत होता.

"आता कसं खरं वाटतंय," सर म्हणाले.

मी सकाळीच आवरलं होतं. पावडर लावली होती. फोटो काढायचा म्हणून पेटीतली चांगली साडी नेसले होते. ती त्यांनी बदलायला लावली. आत्यांची, म्हणजे माझ्या सासूची, विटलेली साडी मागवली. घड्याळ काढायला लावलं. मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा उमटलेला होता, तो बांगड्यांखाली झाकला.

मी सांगितलं, "सर, आमच्यात गॅस हाय. चुलीवर नुसतं पाणी तापतंय."

ते म्हणाले, "तू बोलू नकोस. तुझा चेहरा बोलतो."

हे वाक्य मी दुसऱ्यांदा ऐकत होते.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं निरवांगी. आमच्या आजोबांची मेंढरं होती. वडलांनी, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, मेंढरं मोडून रान धरलं. ऊस, मका, थोडी भाजी. घरातनं कॉलेजात गेलेली मी पहिली पोरगी. पहाटं एसटी धरायची, बारामतीला उतरायचं, अंधार पडायच्या आत घरी. आण्णांची एवढीच अट होती.

सर आमच्या कॉलेजात शिकवायला नव्हते. स्पर्धेसाठी नाटक बसवायला बाहेरून यायचे. घरची मोठी बागायत, शहरात बंगला. अंगात झब्बा, गळ्यात कॅमेरा. पोरं त्यांच्या पाया पडायची. त्या वर्षीची एकांकिका घरात कोंडलेल्या बाईवर होती. नवरा बाहेरून कडी लावून जातो आणि ती आत एकटी बोलत राहते. शेवटी लांबलचक भाषण होतं. ते मी तीन दिवसांत पाठ केलं. फाट्यापासून आमच्या वस्तीपर्यंत चालताना मोठ्यानं म्हणायचे. रस्त्याला माणूस नसायचं. ऊस आणि मी.

निवडीच्या दिवशी मी उभी राहिले आणि म्हणाले, "दार उघडा. मला बाहेर जायचं हाय."

हॉल हसला. मला कळेना काय चुकलं. परत म्हणाले. परत हाय. सर चष्मा काढून डोळे पुसत हसले. म्हणाले, "अगं, ही शहरातली शिकलेली बाई आहे. मेंढरं वळत नाही ती."

माझ्या घरची मेंढरं त्यांना माहीतसुद्धा नव्हती. त्यांना फक्त माझं बोलणं ऐकू आलं होतं. तेवढ्यावर त्यांनी ओळखलं.

ते काम केतकीला मिळालं. केतकी वालचंदनगरच्या क्वार्टरमधली. तिचे वडील तिथल्या कारखान्यात साहेब होते. पोरगी वाईट नव्हती. आमची एसटी एकच, ती माझ्यासाठी जागा धरायची. तिचं बोलणं छापल्यासारखं होतं. मला मोलकरणीचं काम मिळालं. मुकी मोलकरीण. तीन वेळा आत यायचं, झाडू मारायचा, निघून जायचं. मी धीर करून सरांना म्हटलं, एक तरी वाक्य द्या. तेव्हा ते पहिल्यांदा म्हणाले, "तू बोलू नकोस. तुझा चेहरा बोलतो."

मी खुळी. मला ते कौतुक वाटलं. घरी येऊन आरशात चेहरा बघितला.

तालमीच्या आधी हॉल झाडायचं काम कधी माझ्याकडं आलं, कळलं नाही. सर एकदा म्हणाले, "झाडू हातात आहेच तर मारून घे. तुला सवय असेल." बाकीच्या पोरी पायऱ्यांवर बसून पाठांतर करायच्या. मी झाडायचे. नाटक बायकांच्या सुटकेचं होतं. चहाचे कप धुवायला पण मीच.

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. परीक्षा राहिली ती राहिलीच. कन्हेरीत आले.

कन्हेरीहून बारामतीला जायला फार वेळ लागत नाही. मला सात वर्षं लागली.

खोटं सांगणार नाही, मला सासरी कुणी मारलं नाही. उपाशी ठेवलं नाही. दाराला कधी कुलूप लागलं नाही. फक्त विचारायचं. मी नवऱ्याला विचारायचं, नवऱ्यानं आबांना, म्हणजे सासऱ्यांना. आबा बघू म्हणायचे. त्यांचं बघून होईपर्यंत जायचा दिवस उलटून गेलेला असायचा. मैत्रिणीचं लग्न गेलं. राहिलेल्या परीक्षेचा फॉर्म गेला. पुढं पुढं मी विचारणंच सोडलं. आत्या लोकांना कौतुकानं सांगायच्या, आमची सून गुणाची, कुठं जायचं नाव काढत न्हाय. दवाखान्याला, लग्नाकार्याला मी जायचे की. गाडीवर, नवऱ्याच्या मागं. एकटी नाही.

आमची शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, ढोबळी मिरची असते. आत उभ्या सुतळ्या सोडलेल्या, त्याला झाडं बांधत जायचं. ते काम माझं. साडीवर नवऱ्याचा शर्ट घालून दिवसभर आत. दुपारी बाहेर चिटपाखरू नसायचं. एकदा झाड बांधता बांधता तोंडातनं आपोआप आलं, दार उघडा, मला बाहेर जायचं हाय. मी थांबले. कुणी हसलं नाही. मग मी सगळं भाषण म्हटलं. त्यानंतर रोज म्हणायचे. मिरचीच्या झाडांना. आवाज मोठा झाला की स्वतःच दचकायचे. कुणी ऐकलं तर काय म्हणेल. ऐकायला कुणी नव्हतंच.

सर नवऱ्याला शेतीच्या एका प्रदर्शनात भेटले. गावागावातल्या बायकांचे फोटो काढत फिरत होते. नवरा म्हणाला, माझी बायको तुमच्या नाटकात होती. झालं. पुढच्या आठवड्यात सरांची गाडी आमच्या दारात. आबांनी फेटा बांधला. एवढा मोठा माणूस घरी आला म्हणून आत्यांनी ठेवणीतले कप काढले. सरांना मी आठवत नव्हते. मग झाडू म्हटल्यावर आठवले.

मी त्यांना म्हटलं, माझा फोटो शेडनेटमध्ये काढा. उजेड चांगला असतो, मिरची लागलीय, लाल पिवळी. त्यांनी आत येऊन बघितलं. मी दोन झाडं बांधून दाखवली.

"नको," म्हणाले. "इथं तू फार मोकळी दिसतेस."

त्यांना गजाची खिडकी पाहिजे होती. आमचं घर स्लॅबचं, खिडक्या सरकत्या काचेच्या. सर घराभोवती हिंडले आणि त्यांना गोठ्याशेजारची खताची खोली सापडली. जुनी, दगडमातीची. लहान खिडकी, लाकडी गज. मला आत घातलं. गज दोन्ही हातांनी धर, कपाळ गजाला टेकव, रडू नकोस पण रडून झाल्यासारखी बघ. दारातनं उजेड येत होता तो त्यांना नको होता. त्यांनी दार ओढलं. दार वाऱ्यानं उघडायला लागलं. मग त्यांनी बाहेरनं कडी लावली.

कडीचा आवाज मला अजून ऐकू येतो.

किती फोटो काढले कोण जाणे. मग त्यांचा फोन वाजला. बोलत बोलत ते लांब गेले. नवरा मागं गेला. मग आबांचा आवाज आला, चहा घ्या. कपांचा आवाज आला. तो चहा मीच करून ठेवला होता.

मी आत उभी. युरियाच्या गोण्या, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या. डोळ्यातनं पाणी यायला लागलं. खोटं नव्हे, औषधाच्या वासानं. मी हाक मारायला पाहिजे होती. पंधरा पावलांवर माणसं होती. माझं तोंड उघडेना. बोलू नकोस म्हणून सांगितलं होतं ना. मी एवढी शिकवलेली बाई होते की कोंडलं तरी ओरडले नाही. गज सोडायला सांगितलं नव्हतं, म्हणून हातसुद्धा गजावरच होते.

कडी काढली ती आत्यांनी. त्या शेण टाकायला आल्या होत्या. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. दारात उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला ह्याच खोलीत कोंडलं हुतं. दोन दिस. तवा फोटो काढाया कुणी आलं न्हवतं."

लग्नाला वर्ष झालं होतं त्यांच्या. आई आजारी आहे कळलं म्हणून न विचारता माहेरी गेल्या होत्या. परत आल्यावर कोंडलं. कुणी, ते त्यांनी सांगितलं नाही. ओट्यावर आबा सरांना दुसरा कप घ्या म्हणत होते, तिकडं त्यांनी एकदा बघितलं. मग पाटी उचलून गेल्या. तो विषय परत कधी निघाला नाही.

दोन महिन्यांनी बारामतीत सरांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. त्यांनी नवऱ्याला फोन केला. बायकोला घेऊन या, सत्कार आहे, शिवाय एक छोटा कार्यक्रम आहे. सकाळी अकराला. आबांनी लगेच बघितलं. त्यासाठी विचारावं लागलं नाही.

तिथं मी माझा फोटो पहिल्यांदा बघितला. माणसाएवढा मोठा. फोटो चांगला होता, ते मी नाकारत नाही. खाली सरांचं नाव होतं, फोटोचं नाव होतं, 'गजांआडची', आणि कन्हेरी असं गावाचं नाव होतं. माझं नव्हतं.

स्टेजवर लाकडी चौकट उभी केली होती. तिला गज. मागं स्टूल. मी त्या स्टुलावर बसायचं, गज धरायचे आणि केतकी पुढं उभी राहून सरांनी लिहिलेलं माझं मनोगत वाचणार. केतकी आता पुण्यात नाटकांत काम करत होती. मला बघून तिनं हात धरला, किती वर्षांनी म्हणाली. सर गालाला काजळी लावायला आले. मी तोंड बाजूला केलं नाही. ते मला सांगायलाच पाहिजे. त्या दिवशीसुद्धा मी लावून घेतली.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत मोठी माणसं. चौथ्या-पाचव्या रांगेत माझा नवरा, इस्त्रीच्या कपड्यात. केतकी वाचायला लागली. आवाज सुंदर. मी गजांआडची बाई. माझ्या घराला खिडकी आहे, आकाश नाही. असं बरंच. मग ती म्हणाली, माझा नवरा रोज सकाळी बाहेरून कडी लावून जातो.

मी नवऱ्याकडं बघितलं. शेजारचा माणूस वळून त्याच्याकडं बघत होता. नवऱ्यानं मान खाली घातली. त्याच्या डोक्याचा मधला भाग मला दिसत होता.

त्यानं मला पुष्कळ अडवलं होतं. पण कडी त्यानं लावली नव्हती.

मी उठले. चौकटीला बाजूनं मोकळी जागा होती, तिथनं पुढं आले. केतकी वाचायची थांबली. माईक तिच्यापुढं होता, मला लागला नाही. शेडनेटमध्ये बोलून बोलून माझा आवाज मोठा झाला होता.

मी म्हणाले, "ही खताची खोली हाय. मी तितं ऱ्हात न्हाय. कडी माझ्या नवऱ्यानं न्हाय लावली, ह्या सरांनी लावली हुती, आन् च्या प्यायला गेलं. ह्या बाई वाचत्यात ते माझं न्हाय. मला बोलता येतंय."

एवढंच.

आणि मग टाळ्या वाजल्या. आधी एकानं, मग सगळ्यांनी. पहिल्या रांगेतली माणसं उभी राहिली. एक बाई डोळे पुसत होत्या. त्यांना वाटलं, हेही नाटकातलंच. सरांनी माईक घेतला आणि म्हणाले, "हीच ती बाई. आज तिनं चौकट मोडली." टाळ्या वाढल्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. कुणीतरी खणसाडी आणि नारळ माझ्या हातात दिला.

माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा स्टेजवर बोलले होते. शेदोनशे माणसांनी ऐकलं होतं. ऐकू कुणालाच आलं नव्हतं. शेडनेटमध्ये मी एकटी असते, पण त्या हॉलमध्ये होते तेवढी एकटी मी कधीच नव्हते.

केतकीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. ती हातातल्या कागदाकडं बघत होती. जाताना माझ्याशी बोललीही नाही.

साडी आणि नारळ स्टुलावर ठेवून मी खाली उतरले. गालाची काजळी बाहेरच्या नळावर धुतली. घरापाशी आल्यावर नवरा म्हणाला, "सगळ्यांम्होरं वाचा फुटली व्हय तुला."

मी म्हटलं, तुमच्यावरचा खोटा आळ पुसला मी.

तो म्हणाला, "पुसाया तुला कुणी सांगितलं हुतं?"

पेपरात बातमी आली. सरांच्या अभिनव प्रयोगात फोटोतली बाई स्वतः जिवंत होऊन बोलते आणि प्रेक्षक हेलावून जातात. आबांनी कात्रण कापून कपाटाला चिकटवलं. मी खोटं बोलले असते तरी चाललं असतं, असं मला वाटलं. खरं बोलले तरी त्यांनी ते आपल्या कामाला लावलं.

पंधरा दिवसांनी सरांचा फोन आला. नवऱ्यानं तो माझ्याकडं दिला. आवाज गोड होता. म्हणाले, पुण्याला प्रयोग ठरलाय, पुढं आणखीही होतील. आता केतकी नको. तूच बोलायचं. बारामतीत बोललीस तेच, त्याच जागी उठायचं, त्याच भाषेत. "ते हाय-न्हायच पाहिजे आता. त्यातच सगळी जान आहे."

मी फोन कानाला धरून उभी. हे सांगायला लाज वाटते, पण मला पाहिजे होतं ते. एकोणिसाव्या वर्षापासून पाहिजे होतं. स्टेज, उजेड, समोर माणसं आणि माझं बोलणं. पुण्याला. नवरा डोळ्यांनी खुणावत होता, हो म्हण. आबांची परवानगी होतीच. घरातलं कुणी अडवणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा सगळी दारं उघडी होती.

मी विचार केला. पुण्यात मी उठणार आणि म्हणणार, कडी ह्या सरांनी लावली. लोक टाळ्या वाजवणार. सर हात जोडून उभे राहणार. दुसऱ्या दिवशी परत. रोज मी त्यांचा गुन्हा सांगणार आणि रोज त्यांचं नाव मोठं होणार. माझं खरं त्यांच्या नाटकातलं वाक्य होणार. मग मला आत्या आठवल्या. दोन दिवस त्या खोलीत होत्या त्या. त्यावर कुणी टाळ्या वाजवायच्या?

मी म्हणाले, "सर, ते नाटक न्हवतं. तुमी मला कोंडलं हुतं. म्या येणार न्हाय. आन् माझा फोटो काढून टाका तितनं."

ते म्हणाले, फोटो माझा आहे, तू फक्त त्यात आहेस. कलेतलं तुला कळायचं नाही. तुझ्या मालकांना दे.

मी मालकांना दिला नाही. फोन बंद केला.

त्याला आता तीन आठवडे झाले. नवरा कामापुरतं बोलतो. आबा तेवढंही नाही. कात्रण कपाटावर तसंच आहे, मी काढलं नाही, ते त्यांचं त्यांनी काढावं. केतकीला फोन केला होता. तिनं उचलला नाही. माझ्या बाजूनं कोण आहे म्हणाल तर कुणी नाही. पुढं कुणी मला नाटकात घेईल असंही वाटत नाही. या भागात सरांना विचारल्याशिवाय नाटक उभं राहत नाही.

हे मी वहीत लिहून काढलंय. लिहिताना हातातनं 'आहे' येतं, बोलताना तोंडातनं 'हाय'. दोन्ही माझंच. त्यातलं कुठलं कधी वापरायचं ते आता मी बघेन.

आज रात्री जेवताना मी सांगितलं, उद्या सकाळी मी बारामतीला जाणार. सरांच्या बंगल्यावर. फोटो मागायला. नवऱ्याचा घास हातात थांबला. आबा म्हणाले, विचारलं कुणाला? मी म्हटलं, विचारत न्हाय, सांगतीय. आबा ताटावरून उठले. आत्यांनी मान वर केली नाही. भाकरी मोडत नुसतं विचारलं, "कितीची गाडी हाय?"

मी वेळ सांगितली.

सर फोटो देणार नाहीत, मला माहीत आहे. मला दारात उभं करतील किंवा बसवून चहा देतील आणि गोड बोलून वाटेला लावतील. मी तो चहा पिणार नाही. फोटो हातात मिळाला नाही तर परवा परत जाईन. तेरवा जाईन. त्यांच्या दारात, रस्त्यावरनं जाणाऱ्या-येणाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मागेन. कुणी टाळ्या वाजवल्या तर त्यालाही सांगेन, हात खाली घे. फोटो माझा आहे.